काचेतला समुद्र



खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यालयावर राधानगरीत व्याख्यान, हे वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. आपण गोड्या पाण्याची माणसे. आपली भोगावती पुढे पंचगंगेत जाते, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी सबंध दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र खरे म्हणजे दाजीपूरच्या पलीकडे, फोंडा घाट उतरला की जवळच. पण आपल्या नदीने त्याच्याकडे पाठ केलेली आहे. मग समुद्राच्या पाण्याची ही पंचाईत आपल्याला कशाला, असे कोणी विचारील तर ते रास्तच होईल.

माझे उत्तर एवढेच की, माझा जन्म कामगार-संघटनेत गेला. समोर जे चकचकीत दिसते ते चकचकीत ठेवण्याचे काम कोण करतो, हा प्रश्न विचारण्याची मला खोडच लागली आहे. मत्स्यालयाच्या काचेसमोर उभे राहिल्यावर लोक मासे पाहतात. मी पाणी पाहतो. नदीचे पाणी वाहून जाते, समुद्राचे पाणी अफाट आहे. काचेच्या टाकीतले पाणी मात्र तेच ते असते. त्यात मासा खातो, तिथेच मलमूत्र टाकतो, तिथेच श्वास घेतो. असे असूनही ते पाणी महिनोन् महिने जिवंत राहते, ते कसे? माणसाला ही विद्या साधायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळाचा हा इतिहास आहे, आणि माझ्या मते तो माशांचा नव्हे, घाणीचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ एका मोलकरणीपासून करावा लागतो. १८४६ साली ॲना थिन नावाची एक इंग्रज बाई दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्की येथे गेली होती. तिचा नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या देवळातला धर्माधिकारी. या बाईंना किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ सापडले. प्रवाळ म्हणजे आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याचेच भाऊबंद. दिसायला दगड, पण आत जीव असतो. ते लंडनला न्यायचे तर वाटेत हिंदकळून मरणार. म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि बरणीत घालून घरी आणले. आरंभी समुद्राचे ताजे पाणी मागवून त्या ते बदलीत. पण किनारा दूर, पाणी रोज कुठून यावे? तेव्हा त्यांनी युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे ओतीत राहावयाचे. रोज अर्धा ते पाऊण तास. हवा पाण्यात मिसळे आणि प्रवाळ जगत.

हे ओतण्याचे काम बाई स्वतः करीत नसत. ते घरातल्या मोलकरणीकडे होते. थिनबाईंचे टिपण १८५९ साली छापून आले आणि त्यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण आज प्रत्येक मत्स्यालयात जो हवेचा पंप बुडबुडे सोडीत असतो, त्याचे काम जिने आधी आपल्या दोन हातांनी केले, तिचे नाव कुठे सापडत नाही. असो.

त्यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात एक साधा प्रयोग केला. भांड्यात मासे ठेवले, पाणवनस्पती लावली. मासा जी हवा टाकतो ती वनस्पती घेते, वनस्पती जी सोडते ती मासा घेतो, असा हा हिशेब. पण वनस्पतीची पाने कुजू लागली आणि पाणी गढुळले. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने हे जाहीर केले. घाण खाणारा तिसरा भिडू असल्याशिवाय दोघांचा संसार चालत नाही, हे ज्याने प्रथम नीट मांडले तो हा माणूस. पुढे त्याने समुद्राच्या पाण्यावरही असेच प्रयोग केले.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे घर उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले आणि सुखवस्तू घरांतून काचेच्या टाक्यांची साथच आली. गॉसने समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली होती: साधे मीठ, एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची क्लोराइडे. पाच-सहा वर्षांत ही हौस ओसरली. कारण एकच. पाणी हिरवे होई, त्याला वास येई, मासे मरत. प्राणिसंग्रहालयातल्या त्या घरालाही छप्पर काचेचे होते. वरून भरपूर ऊन, आत भरपूर घाण. शेवाळाला आणखी काय हवे?

आता ज्याच्याविषयी सांगताना मला विशेष आनंद होतो तो माणूस. विल्यम आल्फर्ड लॉइड. हा पुस्तके बांधणारा कारागीर. विद्यापीठाचे तोंड न पाहता याने समुद्राच्या पाण्याचा अभ्यास केला, मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान काढले, आणि लोकांची हौस सरली तेव्हा ते दुकान बुडाले. पण त्याचे ज्ञान बुडाले नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला १८६४ साली मत्स्यालय उभे राहिले, ते त्याच्या देखरेखीखाली. १८७१ साली लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय निघाले, तेही त्याचेच. १८७४ साली इटलीत नेपल्सला जे मत्स्यालय उघडले, त्याच्या पाण्याच्या रचनेतही त्याचा सल्ला होता.

लॉइडने केले काय? त्याने पाहिले की लोक टाकीच्या शोभेवर पैसा खर्चतात आणि पाण्याचा विचार करीत नाहीत. त्याने उलट केले. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांत पाणी थोडे, आणि जमिनीखाली, काळोखात, त्याच्या कितीतरी पट पाण्याचा हौद. वाफेच्या यंत्राने ते पाणी रात्रंदिवस खालून वर, वरून खाली फिरते ठेवायचे. अंधारात शेवाळ वाढत नाही. मोठ्या साठ्यात एखादा मासा मेला तरी त्याचे विष पसरून विरळ होते. आणि फिरत्या पाण्याला हवा मिळत राहते. तो पाणी बदलीत नसे. वाफ होऊन जेवढे उडेल तेवढे गोडे पाणी वरून घालायचे, कारण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. मिरवणारी टाकी लहान आणि राबणारा हौद मोठा! कारखान्याच्या गेटवर सभा घेणाऱ्या माणसाला हे प्रमाण समजावून सांगावे लागत नाही. थिनबाईंच्या मोलकरणीच्या जागी आता बॉयलरवरचा कामगार आला, एवढाच फरक.

मात्र आपली रचना का चालते, हे लॉइडला पूर्ण ठाऊक नव्हते. ते कळायला गटाराकडे जावे लागले.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस काही झाले नाही. पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा बाहेर येई. नंतर एकाएकी अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबले. ज्याला गुंगीच्या औषधाने झोप लागते ते काही निर्जीव रसायन नव्हे. म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत होते. हे जिवाणू. ते वाळूच्या कणावर बसतात आणि अमोनियावर आपली गुजराण करतात. पुढे इंग्लंडमध्ये दाखवून देण्यात आले की हे काम दोन पाळ्यांत चालते: एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. हे दाखवणाऱ्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. गोगलगायी सोडणाऱ्या त्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाने टाकी मांडली, मुलाने शेतीच्या मातीत तिचे कोडे सोडवले. १८९० साली विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

अमोनिया म्हणजे काय ते सार्वजनिक मुतारीजवळून गेलेल्या कोणालाही सांगायला नको. डोळ्याला झोंबणारा तो वास अमोनियाचा. मासा तो मुख्यतः आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यात टाकतो. उरलेले अन्न कुजले की तोच निघतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्या निवळीकडे झुकणारे असते, आणि अशा पाण्यात अमोनियाचा विखारी भाग साध्या पाण्याच्या दहापट होऊ शकतो. म्हणून गोड्या पाण्यात जी चूक खपते ती खाऱ्यात खपत नाही. नवी टाकी मांडून त्याच दिवशी मासे सोडणारा हौशी माणूस त्यांना मारतो, ते यामुळेच. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असते. पण वाळूतले कामगार अजून भरती झालेले नसतात. त्यांची भरती पुरी व्हायला महिनाभर तरी लागतो. आणि वीज गेली, पंप थांबला, की हवेवाचून तेच प्रथम गुदमरतात.

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या लोकांपुढे आली ती मुंबईला मरीन ड्राइव्हवर. तारापोरवाला या पारशी दात्याने दोन लाख रुपये दिले, एकूण खर्च आठ लाखांच्या घरात गेला, आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. मुंबईला मोर्च्यासाठी गेलेला कामगार परतीच्या गाडीला अवकाश असला की राणीची बाग नाहीतर हे मत्स्यालय पाहून येई. आमच्या तुकड्यांबरोबर मीही दोनदा गेलो आहे. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा, आणि काचेला नाक लावून उभे राहिलेले गिरणीवाले, शेतमजूर, पोरेबाळे. कोल्हापूरकडच्या एका म्हाताऱ्या गड्याने तिथे विचारले होते, ‘‘आवो, ह्यास्नी पानी बदलून कोन देतंय?’’ इतका नेमका प्रश्न मी त्या दालनात दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

समुद्र समोर असला म्हणजे हे काम सोपे, अशी समजूत असते. ती खरी नव्हे. मोठ्या शहराच्या किनाऱ्याचे पाणी शहराचे सांडपाणी पोटात घेऊन उभे असते, आणि पावसाळ्यात ते गढूळ होते व त्याचा खारटपणा उतरतो. ते गाळल्याशिवाय, तपासल्याशिवाय टाकीत घेता येत नाही. २०१५ साली हे मत्स्यालय नव्या रूपात उघडले. पारदर्शक बोगद्यातून चालताना मासे डोक्यावरून जात. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दरवाजे लोकांसाठी बंद झाले, आणि पुढे जुनी इमारतच धोक्याची ठरली. खारी हवा लोखंड खाते, सिमेंट फोडते. पाणी राखता येते, पण भिंतही राखावी लागते.

आता नायट्रेटकडे येऊ, कारण गेल्या साठ वर्षांची सगळी धडपड त्याच्यापायी झाली. जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट केले, मासा वाचला. पण नायट्रेट जाणार कुठे? ते पाण्यातच साठते. माशाच्या कोरड्या खाद्यात निम्मी प्रथिने धरा. असे दहा ग्रॅम खाद्य, म्हणजे चमचा-दोन चमचे, शंभर लिटरच्या टाकीत पडले आणि त्यातला सगळा नायट्रोजन पाण्यातच राहिला, तर दर लिटरमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. त्यातले बरेचसे इकडेतिकडे गेले आणि आठवड्याला फक्त पाच उरले असे समजू. कोणी म्हणेल, दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलू. बदला. पण दहावा हिस्सा पाणी बदलले की दहावा हिस्साच नायट्रेट जाते. पाच मिलिग्रॅमची आवक आणि दहा टक्क्यांची जावक, हा हिशेब कुठे जुळतो? पन्नासावर. तिथपर्यंत ते चढतच जाते. सावकाराचे देणे ज्याने फेडले आहे त्याला हे गणित नवे नाही: हप्ता भरतो आहे म्हणजे कर्ज फिटते आहे असे नव्हे.

माशांना एवढे नायट्रेट एक वेळ चालते. प्रवाळांना चालत नाही. प्रवाळखडकांभोवतीचा समुद्र हा अन्नद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ उपाशी असतो. तिथले फॉस्फेट लिटरला मिलिग्रॅमच्या शतांशांत मोजावे लागते. नायट्रेट आणि फॉस्फेट ही वनस्पतींची खतेच. ती वाढली की शेवाळ माजते, प्रवाळावर चढते, आणि फॉस्फेट फार झाले तर प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडाही नीट बांधता येत नाही.

यावर एक उपाय पूर्वेकडून आला. इंडोनेशियात जाकार्ता येथे ली चिन एंग नावाच्या गृहस्थाने समुद्रातून जिवंत खडक आणला. हा प्रवाळांचाच जुना, सच्छिद्र दगड, आतबाहेर जीवांनी भरलेला. तो टाकीत ठेवून वरून फक्त हलके बुडबुडे सोडायचे आणि मासे थोडे ठेवायचे. १९६१ साली ही पद्धत एका अमेरिकन नियतकालिकात छापून आली. यातले मर्म असे की, खडकाच्या खोल छिद्रांत प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. कर्ज खरोखर फिटण्याची वाट ही.

दुसरा उपाय जर्मनीत वाढला आणि १९७० नंतर बर्लिनच्या हौशी मंडळींनी तो जिवंत खडकाशी जोडला. त्याला स्किमर म्हणतात. आपल्या भागात हे यंत्र कोणालाही एका वाक्यात समजेल: ते गुऱ्हाळावरचे मळी काढणे आहे. साखर कारखान्याची मळी नव्हे हो, तिच्यावर आम्ही निराळी भाषणे केली आहेत, काहिलीतली. रस तापला, भेंडीचे पाणी पडले की घाण वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. वेळेवर काढली तर गूळ पिवळा, राहिली तर काळा. स्किमरमध्ये आच नसते. एका उभ्या नळकांड्यात पाण्यातून अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. माशांच्या विष्ठेतली, खाद्यातली प्रथिने बुडबुड्यांना चिकटतात, फेस वर चढतो आणि वरच्या पेल्यात तपकिरी, घाणेरडे पाणी जमते. ते रोज ओतून टाकायचे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे तिथे साधते, गोड्यात तितके साधत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लाटांबरोबर पिवळट फेस येतो तो याच जातीचा. या उपायाचा मोठेपणा असा की घाण कुजून तिचा अमोनिया होण्याच्या आधीच ती टाकीबाहेर जाते.

बाकीची शिस्त घरगुती आहे. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. गोठवलेले खाद्य असेल तर त्याचे सुटलेले पाणी टाकून द्यावे. त्यात फॉस्फेट असते. लिटरला ३५ ग्रॅम या मानाने समुद्री मीठ कालवायचे तर त्यासाठी पाणी गाळणयंत्रातून काढलेले शुद्ध घ्यावे. उसाच्या पट्ट्यात युरिया विहिरीपर्यंत झिरपतो; अशा विहिरीचे पाणी वापरणारा माणूस पाणी बदलतो आहे असे समजून टाकीला खत घालीत असतो.

इथे एक इशारा दिला पाहिजे. अलीकडे उत्साही लोक यंत्रे लावून नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणतात. मग प्रवाळ फिकट पडतात, उपाशी मरतात, आणि शेवाळाच्या जागी चिकट तपकिरी थर वाढू लागतो. कमी असावे याचा अर्थ मुळीच नसावे असा नव्हे. खर्चकपातीच्या नावाखाली सगळ्यांनाच घरी बसवणारा व्यवस्थापक मी पाहिलेला आहे. त्याचीही गिरणी चालली नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. रंकाळ्यावर जलपर्णी माजली, पंचगंगेच्या खालच्या अंगाला बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडला, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि हळहळतो. टाकीतले शेवाळ आणि तळ्यातली जलपर्णी यांचे खाद्य एकच. शहराचे मैलापाणी, साबण, शेतातून वाहून आलेले खत, कारखान्याचे सांडपाणी: आवक चालू, जावक बंद. जलपर्णी माणसे लावून काढतात, ते केलेच पाहिजे; पण ती काठावर टाकून कुजू दिली तर तिच्यातले खत पुन्हा पाण्यात उतरते. झाऱ्याने काढलेली मळी पुन्हा काहिलीत ओतणारा गुळव्या कोणी ठेवील काय? २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली, माणसे दगावली. तो प्रकार निराळा, तिथे पाण्यात रोगाचे विषाणू होते. दोहोंची गल्लत करू नये. मात्र दोन्हींना वाट देणारे गटार एकच आहे. आणि त्या गटारात उतरणारा सफाई कामगार बहुधा कंत्राटावर असतो, हेही या सभेत नोंदवून ठेवतो.

सहलीने रत्नागिरीला जाणाऱ्या मंडळींना एक सुचवितो. तिथे १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, ते आता कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. तिथले मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांना पाहता येते; देवमाशाचा प्रचंड सांगाडा मुले विसरत नाहीत. मासे पाहून झाले की तिथल्या माणसांना जरा थांबवून विचारा: पाणी कुठून येते, ते कशातून गाळता, आणि रात्री पंपावर कोण असते.